अंगण वाकडंच होतं

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण मला लहानपणापासून अन्यायाची वाटत आली आहे. त्या नाचणाऱ्याचं म्हणणं कोणी तपासून पाहिलं होतं का? पाणसळ घेऊन कोणी अंगणात उतरलं होतं का? पिंपरीच्या एका टूलरूममध्ये मी ३६ वर्षं काढली. तिथे जॉब वाकडा निघाला तर आधी मशिनचा बेड लेव्हलला आहे का ते बघायचो, मग टूल, मग फिक्स्चर, आणि सगळ्यांत शेवटी माणसाकडे वळायचो. हाच क्रम जगात सगळीकडे असावा असं मला मनापासून वाटतं.

गोल्फमध्ये तो पाचशेहून जास्त वर्षं उलटा होता. स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली ती १४५७ साली, म्हणजे खेळ त्याहून जुना. एवढ्या काळात चेंडू उजवीकडे झाडीत गेला की दोष खेळणाऱ्याच्या कंबरेचा, खांद्याचा, मनगटाचा, नाहीतर नजरेचा. हातातल्या काठीची उलटतपासणी कोणी करत नसे. मग २००८-०९ च्या सुमारास शाफ्ट बदलता येणारे ड्रायव्हर बाजारात आले आणि नाचणाऱ्याच्या हातात अंगण सरळ करायचा पाना आला. असा ड्रायव्हर घ्यावा का, असं ओळखीचे लोक मला विचारतात. घ्यावा. नुसता घेऊ नये, बरोबर तीन जादा शाफ्टही घ्यावेत.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांतली सगळ्यांत लांब ती ड्रायव्हर. पहिला लांब फटका तिने मारायचा. तिचं डोकं आतून पोकळ, टायटेनियमचं किंवा टायटेनियम आणि कार्बन फायबरचं, नियमाने ४६० घनसेंटिमीटरपर्यंतचं, वजनाला साधारण २०० ग्रॅम. डोकं आणि मूठ यांच्यामधली नळी म्हणजे शाफ्ट. तो कार्बन फायबरचा, ४० ग्रॅमपासून ८० ग्रॅमपर्यंत, कमी-जास्त लवणारा. पूर्वी हा शाफ्ट डोक्यात कायमचा चिकटवलेला असे. बदलायचा म्हटला तर मानेवर गरम हवेचा झोत सोडून आतला इपॉक्सी मऊ करायचा, पुलर लावून शाफ्ट सरळ ओढायचा (जरा पिळला की त्याचे तंतू तुटलेच), भोक खरवडून साफ करायचं, नव्या शाफ्टचं टोक पॉलिश पेपरने घासायचं, दोन नळ्यांतला इपॉक्सी कालवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. मनात आलेली शंका दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. बरीच माणसं नाइलाजाने सरावाकडे वळली, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

त्याही आधी, हिकरीच्या लाकडाच्या काळात, डोकं आणि दांडा तिरके तासून एकमेकांवर चिकटवत आणि वरून दोऱ्याने घट्ट गुंडाळत. आपल्याकडे सुतार कुदळीला दांडा बसवून पाचर ठोकतो, त्याच जातीचं काम. पोलादी शाफ्टला सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेने १९२९ साली मान्यता दिली, ग्राफाइटचा १९७० च्या आसपास आला, धातूचं डोकं टेलरमेडने १९७९ साली आणलं. प्रत्येक वेळी माल सुधारला, पण सांधा पक्काच राहिला. २००४ साली टेलरमेडच्या आर-७ क्वॉडमध्ये चार वजनं इकडची तिकडे फिरवता येऊ लागली, कारण नियमांत तेवढीच सूट होती. १ जानेवारी २००८ पासून नियम सैल झाले. कॅलवेची आय-मिक्स आली, पुढच्या वर्षी टेलरमेडची आर-९ आली, आणि २०१० मध्ये टायटलिस्टने दोन कड्यांची अशी रचना आणली की तिच्यात डोक्याच्या १६ बैठका मिळतात. माझ्या आयुष्यात तंत्रज्ञानाने पुष्कळ दिलं. एवढं आपुलकीने दिलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

ही वस्तू एकदा हातात घेऊन बघायला हवी. रविवारी रात्री जेवणं झाली की मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरतो आणि ड्रायव्हर आडवा ठेवतो. डोक्याच्या खालच्या अंगाला, टाचेजवळ, एक स्क्रू आहे. त्याच्या माथ्याला चांदणीसारखी खाच. पान्याचं टोक त्या खाचेत बसतं तेव्हा जराही हलत नाही. तीन-चार आटे उलटे फिरवले की स्क्रू सैल होतो, पण बाहेर पडत नाही, कारण आत वॉशरने धरून ठेवलेला असतो. ही बारीकशी काळजी ज्याने घेतली त्याच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं. शाफ्ट सरळ ओढला की किंचित अडतो आणि मग निघतो. त्याच्या टोकाला अॅल्युमिनियमची स्लीव्ह असते, आम्ही तिला बुश म्हणू. बाहेरून बारीक दाते, आणि आतलं भोक मुद्दाम थोडं तिरकं पाडलेलं. खुबी सगळी त्या तिरकेपणात आहे. बुश फिरवून बसवला की तिरकेपणाचं तोंड बदलतं आणि डोक्याचा कोन एक-दोन डिग्रीने सरकतो. चेंडूला लागणाऱ्या फळीचा मागे असलेला कल म्हणजे लॉफ्ट. तो वाढवला की फळी थोडी डावीकडे मिटते, कमी केला की उजवीकडे उघडते. मग नवा शाफ्ट आत ढकलायचा, दाते जुळले की तो आपोआप खाली बसतो, आणि पाना आवळत जायचा. नेमून दिलेलं बळ लागलं की पाना ‘कट्ट’ असा आवाज करतो आणि पुढे बळ घेतच नाही. नवशिक्या पोराला ‘किती आवळू?’ या प्रश्नाचं उत्तर शिकवायला आम्हाला वर्ष लागायचं. इथे ते पान्यानेच शिकवलं आहे.

सगळं मिळून एक मिनिट.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सौ. म्हणाली, “म्हणजे मिक्सरसारखं. मोटर एक, भांडी तीन.” इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेलं नाही. चटणीचं भांडं, ओल्या वाटणाचं भांडं, पिठाचं भांडं. आणि एका कंपनीचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर बसत नाही, तेही तंतोतंत तसंच. एका कंपनीची स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या डोक्यात जात नाही. लोक याला अडचण म्हणतात. मला ती निष्ठा वाटते. एकदा तीन शाफ्ट एका घराण्याचे झाले की माणूस त्या घराण्याचा होतो, आणि या वयात कोणाचं तरी होऊन राहणं बरं वाटतं.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण ते शास्त्राला धरून आहे.

ते म्हणतात, चेंडू फळीवर टेकलेला असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच वेळ. तेवढ्यात शाफ्टला काही करायला सवडच नसते. फटका हाताला कळतो तोवर चेंडू निघून गेलेला असतो. शाफ्टचं जे काही काम आहे ते त्याआधी, डोकं खाली येताना, फळी कुठल्या कोनात आणून पोचवायची एवढंच. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फळी ठरवते. तो हवेत किती वळणार हे फळीची दिशा आणि काठीची वाट यांच्यातल्या फरकावरून ठरतं. आणि काठीची वाट खेळणाऱ्याच्या अंगातून येते. हे सगळं खरं आहे. आकडाच घ्या. २०० यार्डांवर एक डिग्री म्हणजे साडेतीन यार्ड. बुश फिरवून दोन डिग्री मिळाल्या तर सात यार्ड. माझा चेंडू तीस यार्ड उजवीकडे जातो. सातांचा बंदोबस्त झाला, तेवीस उरले. त्या तेविसांसाठीच तर शाफ्ट बदलता यायला हवा.

दुसरा मुद्दा वजनाचा. बुश आणि स्क्रूमुळे मानेपाशी काही ग्रॅम वाढतात. न उघडणाऱ्या डोक्यात तेच ग्रॅम खाली आणि मागे ठेवता आले असते, म्हणजे चेंडू थोडा उंच उडाला असता आणि चुकीचा फटका थोडा सुधारला असता. बरोबर आहे. पण ज्या डब्याचं झाकण निघत नाही तो डबा हलका असला म्हणून काय झालं? आत काय आहे ते कधीच कळणार नाही. मी त्या काही ग्रॅमांची किंमत आनंदाने मोजतो.

तिसरा मुद्दा असा की ही सोय मुळात दुकानदाराची आहे. फिटिंग करणाऱ्याकडे दहा डोकी आणि तीस शाफ्ट असले की ३०० काठ्या तयार न ठेवता तो तीनशे जोड्या गिऱ्हाइकाला दाखवू शकतो. एकदा जोडी जमली की पाना खणात टाकायचा. मोठे व्यावसायिक खेळाडूही सहसा एकदा नीट बसवून घेतात आणि मग उगाच फिरवत बसत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना उत्तर सापडलेलं असतं, आणि उत्तर सापडलेल्या माणसाला पान्याचं काय काम? हा पाना माझ्यासारख्यासाठी आहे. तो घरी न्यायला मिळतो, खोक्यात ड्रायव्हरबरोबरच येतो, यातच कंपन्यांनी आम्हाला ओळखलं आहे.

शाफ्टवरच्या अक्षरांबद्दलही पुष्कळ तक्रार ऐकू येते. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, एक्स म्हणजे आणखी ताठ. पण किती ताठ म्हणजे एस, हे कुठल्याही मानकात लिहिलेलं नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसच्या बरोबरीचा निघू शकतो. टूलरूममध्ये असं चाललं असतं तर आम्ही माल परत पाठवला असता. सुरुवातीला मलाही राग यायचा. पण नंतर लक्षात आलं की प्रमाण ठरलेलं असतं तर वेग मोजून, तक्ता बघून एकच शाफ्ट हातात पडला असता, आणि बाकीच्यांची तोंडओळखही झाली नसती. आता प्रत्येकाला स्वतः भेटावं लागतं. माझ्याकडे ५० ग्रॅमचा आर आहे, ५५ चा आर, ६० चा एस, आणि एक ६५ चा एस, जो भाच्याने अमेरिकेतून आणला.

भाचा सॅन डिएगोला असतो. तिथून जवळच कार्ल्सबाड नावाचं गाव आहे. टेलरमेड आणि कॅलवे यांची मुख्य कार्यालयं एकाच गावात. आमच्या इचलकरंजीला कापड तसं त्या गावाला ड्रायव्हर. शाफ्टची अडचण अशी की तो वजनाला लाडवाइतका आणि लांबीला जवळपास चार फूट. बॅगेत तिरपासुद्धा मावत नाही. भाच्याने प्लंबिंगचा पाइप आणला, दोन्ही टोकांना झाकणं लावली आणि तो हातात धरून विमानात बसला. मुंबईला उतरल्यावर अधिकाऱ्याने पाइप उघडायला लावला आणि विचारलं, हे काय आहे? भाचा म्हणाला, “मामाचा दांडा.” अधिकाऱ्याने शाफ्ट बाहेर काढला, हवेत दोनदा हलवून लवतो का बघितलं आणि परत आत सरकवला. हातात घेतल्यावर प्रत्येक माणूस हेच करतो, त्याला खेळ येत असो वा नसो. या वस्तूबद्दल मला जे वाटतं ते त्या अनोळखी माणसालाही क्षणभर वाटलं, याचा मला फार आनंद झाला.

आता हिशोब. या खरेदीच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा हिशोबाचाच आहे.

डोक्याच्या १६ बैठका, शाफ्ट चार, म्हणजे ६४ जोड्या. त्यांतली कुठली बरी हे ठरवायचं तर अंदाजाने भागणार नाही. माझे फटके लांबीला साधारण वीस यार्ड मागे-पुढे होतात. दोन जोड्यांमधला फरक चार यार्डांचा असला तर तो या गोंधळातून वेगळा काढायला किती चेंडू लागतील? क्वालिटी कंट्रोलमध्ये आम्ही एक ठोकताळा वापरायचो. विखुरणं भागिले फरक, त्याचा वर्ग, गुणिले सोळा. वीस भागिले चार म्हणजे पाच, वर्ग पंचवीस, गुणिले सोळा, चारशे. एका जोडीला ४०० चेंडू. ६४ जोड्यांना २५,६०० चेंडू. सरावाच्या रेंजवरची बादली ५० चेंडूंची धरली तर ५१२ बादल्या. रविवारी एक बादली धरली तर नऊ वर्षं दहा महिने.

मी हा आकडा दोनदा तपासला आणि मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो. निवृत्त झालो त्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल दिली, नारळ दिला, आणि आता काय करणार असं विचारलं. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता दहा वर्षांच्या प्रत्येक रविवारी काय करायचं ते लिहून तयार आहे. ड्रायव्हर साठ हजारांचा आणि तीन शाफ्ट तीस-तीस हजारांचे धरले तर दीड लाख होतात. २५,६०० ने भागले की चेंडूमागे सहा रुपयांच्याही आत. बादलीचे पैसे वेगळे, पण ते सराव करणाऱ्यालाही लागतातच. सहा रुपयांत पुण्यात आता कटिंग चहा मिळत नाही.

आणि या दहा वर्षांत कंपन्या गप्प बसणार नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी नवं डोकं येतं. माझ्या शाफ्टच्या स्लीव्ह त्यात बसल्या तर शाफ्ट जुनेच, जोड्या मात्र सगळ्या नव्या. पुन्हा ६४. सौ. म्हणते हे कधी संपायचंच नाही. मी म्हणतो, हो ना!

आमच्या क्लबमधले प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे. एकदा ते म्हणाले, “काका, एवढ्या पैशांत मी तुम्हाला वर्षभर शिकवीन. तुमची काठी बाहेरून आत येते, म्हणून चेंडू उजवीकडे वळतो. डावी कंबर आधी मोकळी झाली पाहिजे.” त्यांनी मोबाइलवर चित्रफीत काढून दाखवली आणि तिच्यात ते स्पष्ट दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, “सर, तुम्ही म्हणता तो दोष खरा आहे. पण तुमच्या पद्धतीत बदलायचं मी, आणि बदललो की नाही हे कळायला महिने जाणार. शाफ्ट एका मिनिटात बदलतो आणि बदलला हे डोळ्यांना दिसतं.” त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी माझा ६० ग्रॅमचा एस मागून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर लावून एक फटका मारला. चेंडू सरळ रेषेत, माझ्या कुठल्याही चेंडूच्या पन्नास यार्ड पुढे जाऊन पडला. त्या शाफ्टमध्ये काय ताकद आहे याची मला त्या दिवशी खात्री पटली.

गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण मला नेहमी देतात. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, ती चौथी आली. बॅग तिच्या आईने उचलली होती. ड्रायव्हरच्या फटक्यांच्या लांबीत ती त्या मैदानावरच्या सगळ्यांत मागे पडणाऱ्यांत होती, आणि तरी शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली, कारण पटिंग आणि जवळचे फटके. मी ते सामने पहाटे उठून बघितले आणि ती चौथी आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने जे केलं ते थोर आहे. पण तो मार्ग सरावाचा आहे. पटर मी सतरंजीवर रोज वापरू शकतो, वीस-वीस चेंडू कपात घालू शकतो, आणि त्यातून माझे फटके नक्की कमी होतील हेही मला माहीत आहे. मात्र त्यात शोधायला काही उरत नाही. काय करायचं ते आधीच ठाऊक असतं, फक्त करायचं राहिलेलं असतं.

ज्यांनी नियम लिहिले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. सांधा हाताने सहज फिरवता येता कामा नये, त्याला खास पाना लागला पाहिजे. खेळ चालू असताना तो सैल होण्याची शक्यता नसावी. आणि फेरी सुरू झाल्यावर मुद्दाम सेटिंग बदलून त्या काठीने फटका मारला तर खेळाडू स्पर्धेतून बाद. पाना बॅगेत ठेवायला मात्र बंदी नाही. यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. पहिल्याच होलला चेंडू झाडीत गेला की पुढचे चार तास माणूस आपला उपाय बॅगेत घेऊन चालतो. उपाय आहे, हाताशी आहे, फक्त आज नाही. परमार्थात याला काय म्हणतात ते जाणकारांनी सांगावं. मी त्या चार तासांत जितका शांत असतो तितका इतर कुठे नसतो. ज्यांची काठी चिकटवलेली असते ते बिचारे तेच चार तास स्वतःबद्दल विचार करत चालतात. त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आमच्या येरवड्याच्या मैदानावर माझी बॅग घेणारा कॅडी गेली अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. चेंडू उडाला की तो आधी चेंडूकडे बघतो, मग काठीच्या मानेकडे. “सायेब, दांडा बदलला का?” त्याला शाफ्टची वजनं पाठ आहेत. माझी वही त्याच्याच खिशात असते. तारीख, जोडी, चेंडू डावीकडे की उजवीकडे, अंदाजे किती यार्ड, आणि शेवटच्या रकान्यात त्याचं मत. त्याचं मत बहुतेक ‘उजवीकडं, पण लई भारी उडाला’ असं असतं. गावाकडे त्याची दीड एकर आहे. कुदळीचा दांडा बाभळीचा बरा की सागाचा, यावर तो माझ्याशी एकदा अठराही होल बोलत होता. हातात येणाऱ्या लाकडाने माती वेगळी लागते हे त्याला पटवून द्यावं लागत नाही.

सध्या मी नवव्या जोडीवर आहे. ५५ ग्रॅमचा आर, कडी बी-१ वर. गेल्या रविवारी तिची आठवी बादली झाली, म्हणजे ४०० पुरे. रेंजवरून आम्ही पहिल्या टीवर गेलो. थंडी होती, गवतावर दव होतं. मी चेंडू टीवर ठेवला आणि मारला. आवाजच वेगळा आला, काहीसा बंद, भरीव. चेंडू मधोमध निघाला, मधोमध वर चढला, कुठेही वळला नाही आणि फेअरवेच्या बरोबर मध्यावर पडून पुढे घरंगळत गेला. सोबतचे दोघे काही बोलले नाहीत. कॅडीने डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी १४ वेळा ड्रायव्हर घेतला, त्यांत नऊ चेंडू फेअरवेवर. वहीत असा दिवस दुसरा नाही.

पार्किंगमध्ये बॅग गाडीत ठेवताना तो माझ्या हाताला धरून म्हणाला, “सायेब, आता हाच राहू द्या. पाया पडतो. पाना माझ्याकडं द्या.”

मी त्याला वही दाखवली. जोडी नऊ, चेंडू ४००, पूर्ण. अजून ५५ जोड्या बाकी होत्या. एका चांगल्या दिवसावर मशिन पास करायचं नसतं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं, आता स्वतःसाठी नियम बदलू कसा? तो ऐकून गप्प राहिला, मग वहीत आपल्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली.

रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. सौ.ने ताटं उचलली आणि आतून विचारलं, “आज सरळ गेले म्हणे?” मी म्हटलं, हो, नऊ. ती दारात येऊन उभी राहिली. चांदणीच्या खाचेत पाना बसवला. तीन आटे, चार आटे. शाफ्ट किंचित अडला आणि निघाला. बी-१ वरून कडं सी-१ वर फिरवलं, दाते जुळवले आणि आवळत गेलो.

कट्ट.